भासऱ्यांची दंडार

माझा स्वभाव संशयी आहे. कौतुकानं सांगत नाही, पण लपवूनही उपयोग नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणवाडीत पोराला वजनकाट्यात ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का, ते मी दोनदा बघते. भाजीवालीनं न मागता सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जास्तीची जुडी दिली, तर घरी आल्यावर ती सोडून आतली पानं तपासते. त्यामुळे मागच्या वर्षी दसऱ्यानंतर तुरुंगातून आमच्या घरी छापील निमंत्रण आलं, बंदीजनांच्या दंडारीला कुटुंबीयांनी यावं म्हणून, तेव्हा मला आनंदबिनंद काही झाला नाही. तुरुंगवाले फुकट दंडार दाखवायला बोलावतात म्हणजे दाल में कुछ काला आहे, एवढंच मनात आलं.

तुरुंगात होते ते माझे भासरे, म्हणजे आमच्या यांचे थोरले भाऊ. त्याच्या तीन वर्षं आधी श्रावणात दोघा भावांचं शेतात भांडण झालं आणि भासऱ्यांनी यांच्या उजव्या हातावर फावडं घातलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. हात राहिला, पण मनगट वळेना आणि मधली दोन बोटं मिटेनात. आमचे हे ढोलकी वाजवायचे. भासरे बाईचं सोंग घेऊन नाचायचे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दंडार होते. टाळ, ढोलकी, गाणी, आणि मधेमधे घरादारातल्या भांडणांचे प्रसंग. कोंढ्यापासून पवनीपर्यंतच्या मंडईत लोक आधी एकच विचारायचे, "दोघं भाऊ आले का गा?" ते आले असले तर बसायला सतरंजी घरून आणायचे.

भासऱ्यांनी कोर्टात काही वाद घातला नाही. मारलं का? मारलं. सरकारी वकील मिळाला होता, तोही वैतागला. चार वर्षांची सजा झाली. जामीन कोणी घेतलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते आतच होते.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात भासऱ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, वाट सोडून उभं राहायचं, त्यांच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. भासऱ्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हापासून ते आमच्याकडेच जेवत. इतकी वर्षं मी त्यांना वाढलं, पण आमच्या दोघांत एक शब्द झाला नव्हता. काही सांगायचंच असलं तर ते अंगणात येऊन गाईला सांगत. "गाय बाई, आज मी पवनीले जातो, जेवाले नाई." गाय रवंथ करत राही आणि मी आत एक ताट कमी करी. नव्या सुनांना याचं हसू येतं. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

सासरे गेल्यावर शेताची वाटणी झाली. धानाची एक मोठी बांधी, म्हणजे खाचर, होती, तिच्या मधोमध मातीचा धुरा, म्हणजे बांध घातला आणि धुऱ्याच्या पोटात पंचांनी एक दगड पुरला. इकडची बाजू आमची, तिकडची भासऱ्यांची. धुऱ्यावर तूर लावायचं काम माझं. तूर लावायची तर आधी धुऱ्यावरचं गवत काढावं लागतं, आणि गवत काढताना विळ्यासोबत थोडी मातीही निघते. मी आमच्या बाजूनं दरवर्षी धुरा चांगला तासून सरळ करायची. स्वच्छ काम करायची मला हौस आहे. माझा धुरा बघून बाया म्हणायच्या, भिंतीसारखा दिसतो.

त्या श्रावणात एका संध्याकाळी मी अंगणवाडीतून शेताकडे गेले, तर भासरे धुऱ्यावर वाकलेले. फावड्यानं बांधीतला चिखल उचलून त्यांच्या बाजूनं धुऱ्याला थापत होते. मी झाडाआड थांबून पाहिलं आणि घरी येऊन यांना सांगितलं, "तुमचा भाऊ धुरा सरकवून राहिला." आठवड्यानं जोराचा पाऊस आला, धुरा मधेच फुटला आणि आम्ही आदल्या दिवशी टाकलेला युरिया पाण्यासोबत भासऱ्यांच्या बांधीत वाहून गेला. मी म्हटलं, पाहा, बोलली होती ना मी. हे शेताकडे गेले. पुढचं सांगितलंच आहे.

दुसऱ्या वर्षी चिखलणीला ट्रॅक्टर लावला. आमच्या बांधीत, धुऱ्यापासून चांगलं दीड हात आत, ट्रॅक्टरच्या चाकाला काहीतरी लागलं. ड्रायव्हरनं खाली उतरून दगड काढला. "बाई, शेतात गोटा कुठून आला वो?" मी म्हटलं, पुरात आला असन. तो गेला, पण मी तिथंच उभी राहिले, कारण दगड मी ओळखला होता. पंचांनी पुरताना त्याला शेंदूर लावला होता, त्याचा रंग अजून एका खाचेत होता. दगड जागचा हललेला नव्हता. धुरा हलला होता. पंधरा वर्षं मी आमच्या बाजूनं चार-चार बोटं तासत गेले, आणि धुरा पडू नये म्हणून भासरे त्यांच्या बाजूनं चिखल थापत गेले. त्यांची जमीन आमच्यात येत होती आणि मी त्यांनाच चोर म्हटलं होतं. ते मला थांबवू शकत नव्हते, कारण माझ्याशी बोलायचं नाही. भावाला सांगावं तर आमच्या घरात भांडण लागेल. धुऱ्याजवळ गाय तर नव्हतीच.

मी तो दगड घमेल्यात घालून डोक्यावर घेतला आणि गावतळ्यात, म्हणजे बोडीच्या खोल पाण्यात, टाकून आले. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी काय केलं असतं, याची मला भीती होती. यांचा हात माझ्या एका वाक्यावर गेला होता.

आता निमंत्रणाकडे येते. हे तो कागद हातात धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "जाऊ ना वो."

"कायले? त्याईनं हात तोडला तुमचा. आता त्याईचा नाच पाहाले जाता?"

"नाच नोहे, दंडार हाये," हे म्हणाले. एवढंच. मग मीही तयार झाले. यांना एकट्यांना पाठवायची माझी छाती नव्हती, तिथे भासरे काय बोलतील कोणाला ठाऊक.

कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्यात उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तुरुंगाच्या दारावर आधार कार्ड दाखवलं, झडती झाली. मी चिवड्याचा डबा नेला होता, तो बाहेर ठेवून घेतला. मला त्यांचा राग आला नाही. मी त्या जागी असते तर चिवडा चाळणीनं चाळला असता.

आत अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला कैद्यांच्या घरचे, एका बाजूला कैदी, मधे मोकळी जागा. तुरुंगाचे मोठे साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते. त्यांनी भाषण केलं. ज्या मातीतून माणूस आला, त्या मातीतली कलाच त्याला परत माणूस करते, असं काहीतरी. मी मनात म्हटलं, साहेब, मातीवरूनच तर हे सगळं झालं. माझा असल्या सुधारण्यावर विश्वास नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि नाचल्यानं जात असता तर भासऱ्यांनी फावडं उचललंच नसतं. ते आधीही नाचतच होते की.

मग साहेबांनी यांना हातावरून ओळखून जवळ बोलावलं. म्हणाले, "तुमच्या भावाने आमचे सगळे कलाकार तयार केले. त्यांनी चौदा दिवसांच्या संचित रजेचा अर्ज केला आहे. गावची मंडई करून परत येतो म्हणतात. पोलीस घरी चौकशीला येतील. ज्याला मार लागला, त्या घराची हरकत नसेल, तर काम होईल." यांनी मान हलवली. चौदा दिवस भासरे घरी राहणार, दोघं भाऊ रोज समोरासमोर बसणार, आणि एवढ्या दिवसांत शेताकडे चक्कर होणार नाही, हे कसं शक्य आहे?

दंडार सुरू झाली. आधी गण झाला. भासरे पुढे आले तेव्हा मी त्यांना पटकन ओळखलं नाही, इतके सुकले होते. तुरुंगात लुगडं नेऊ देत नाहीत, नऊ वार कापडाचा दोर होतो म्हणून. त्यांनी डोक्यावर नुसता टॉवेल घेतला, त्याचं टोक दातात धरलं आणि तेवढ्यावर त्यांची बाई झाली. खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. चालणं, बसणं, कमरेवर हात ठेवणं, सगळं बाईचं.

मग प्रसंग लागला. चार कैद्यांनी आपापल्या चपला काढून जमिनीवर एका रांगेत मांडल्या. तो धुरा. एका बाजूला भासऱ्यांची बाई, हातात खोटा विळा. दुसऱ्या बाजूला एक जाडा कैदी, मिशा लावलेला, तो तिचा भासरा. बाई गवत काढते, इकडे तिकडे बघते आणि चपलांची रांग एक बोट पुढे सारते. भासरा येतो, बघतो, खाकरतो. बोलता येत नाही. मग तो म्हशीला सांगतो, "म्हशी बाई, तुया मालकिणीले सांग, माया पायाखालून जमीन चालली." म्हैस झालेला कैदी शेपटी हलवतो. भासरा बिचारा चिखल थापतो. बाई परत येते, परत एक बोट. लोक हसायला लागले. रांग सरकत सरकत जाड्या कैद्याच्या पायांपर्यंत आली, तो एका पायावर उभा राहिला, मग बोटांवर, आणि शेवटी धप्पकन प्रेक्षकांत येऊन पडला. कैद्यांसोबत शिपाईही हसत होते. मोठे साहेब डोळे पुसत होते.

सोंगातली बाई धुऱ्यावर तुरीचं बी टोचल्यावर अंगठ्यानं माती दाबते आणि मग अंगठा नसलेल्या लुगड्याला पुसते. हे मी करते. दुसरी कोणी करत नाही, माझ्या आईनं मला तसं शिकवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं. शंभर माणसांत ती बाई मीच आहे, हे मला कळलं आणि त्यांना ते मला कळवायचं होतं, अशी माझी खात्री झाली. घरी येऊ द्या, नाहीतर सांगतो. याहून स्पष्ट धमकी कोणती असते?

मी हळूच यांच्याकडे पाहिलं. हे हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डावा हात मांडीवर ढोलकीच्या ठेक्यात चालला होता. तीन वर्षांत यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही मला बरं वाटलं नाही, भीतीच वाटली.

कार्यक्रमानंतर घरच्यांना दहा मिनिटं भेटू दिलं. मी पदर घेऊन मागे उभी राहिले. भासरे यांना म्हणाले, "धान कसा हाये?" हे म्हणाले, "कापाले आला." भासऱ्यांनी यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, बोटं एकेक करून मिटवून बघितली, ती मिटली नाहीत, आणि हात सोडून दिला. बसमध्ये मी यांना विचारलं, "काय समजलं दंडारीतलं?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हसवते बाप्पा तो. अजूनबी हसवते." यावरून मला काहीच कळलं नाही आणि आणखी विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी भासऱ्यांच्या खोलीची किल्ली मागितली. तीन वर्षं ती माझ्याकडे होती. जाळी झाडली, भिंती मातीनं पोतारल्या, एका हातानं. खाट उन्हात टाकली.

चार दिवसांनी पोलीस ठाण्यातून जमादार आला. हे शेतात कापणीच्या बायांना पाणी द्यायला गेले होते. जमादारानं खुर्चीवर बसून कागद काढला. "तुमच्या मालकाले बलावता का?"

"दूर हायेत ते. मलेच विचारा."

"तुमचा जबाब चालते. कैदी रजेवर घरी आला तर तुमची हरकत हाये का?"

अंगणात खाट वाळत होती, ती जमादाराच्या मागे मला दिसत होती. मी म्हटलं, "हरकत हाये. आमच्या जिवाले धोका हाये. एकदा फावडं उचललं, पुन्हा उचलन." जमादारानं लिहिलं, वाचून दाखवलं. त्यात 'मी व माझे पती' असं होतं. मी सही केली. चहा दिला. तो गेल्यावर मी खाट आत ओढून ठेवली, यांनी विचारलं तर म्हणायला, की आभाळ आलं होतं.

संध्याकाळी यांना सांगितलं, जमादार येऊन गेला, लिहून घेतलं, पाहतो म्हणाला. हे खुश होते. पंधरा दिवसांनी कळलं की रजा नामंजूर झाली. "सरकारचं असंच राहते," म्हणाले आणि खोलीला कुलूप लावून किल्ली पुन्हा माझ्या हातात दिली. मंडई आली आणि गेली. हे घराबाहेर पडले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, पण मी स्वतःला सांगत होते की वाटतंय.

दोन महिने असे गेले. मग एके सकाळी तुरुंगातून फोन आला. फोन यांचा, पण हे आंघोळीला गेले होते, मी उचलला. मोठे साहेबच बोलत होते. "तुमच्या थोरल्या दिरांनी दंडार सोडली हो. रजा नाकारली त्या दिवसापासून कोणाशी बोलत नाहीत. जेवणही नावापुरतं. घरून कोणी भेटून गेलं तर बरं."

मला पहिल्यांदा काय वाटलं, तेही सांगते. वाटलं, हेही सोंगच. दंडारीतला माणूस आहे, उपाशी राहून दाखवेल, साहेबाला पाझर फुटेल, मग रजा मिळेल. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी यांना सांगितलं, भंडाऱ्याला अंगणवाडीची सभा आहे, आणि एकटी गेले.

भेटीच्या खिडकीला जाळी होती. एक शिपाई बाजूला उभा. भासरे आले, त्यांनी मला पाहिलं आणि सवयीनं तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मीही सवयीनं पदर घेतला. गालाची हाडं वर आली होती, सदऱ्याची गळपट्टी सैल झाली होती. हे सोंग नव्हतं. सोंगाला अंगावरचं मांस उतरवता येत नाही.

"शिपाई साहेब," भासरे भिंतीला बघत म्हणाले, "त्याईले विचारा, माया भाऊ बरा हाये ना?"

शिपाई गोंधळला. "समोर तर उभ्या हायेत, तुमीच विचारा ना."

मला त्या अबोल्याचा फार राग आला. एकोणीस वर्षांचा राग होता तो. मी जाळीला हात लावला आणि सरळ त्यांच्याशीच बोलले. "धुरा मी छाटत होती. वाटणीचा गोटा मले आमच्या बांधीत सापडला. मी बोडीत टाकला."

ते हलले नाहीत. शिपायालाच म्हणाले, "धुऱ्याचं मालूम हाये म्हणा. तूर दरवर्षी माया आंगावर येत होती, तिच्यावरून समजते."

"मंग कोर्टात काहून नाई सांगितलं?"

"धुरा कोणी छाटला म्हणून फावडं माफ होते का? हात त माया भावाचाच गेला."

"आन ते दंडारीतलं? मले भेववाले केलं ना ते?"

यावर त्यांनी थोडं वळून पाहिलं, माझ्या पायांपर्यंतच. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय विचारते ते. "साहेब म्हणाले, घरची गोष्ट बसवा. मले घरची तेवढीच येते. लोक हसतात तिच्यावर." मग म्हणाले, "तो बी हसला."

महिनोन्‌महिने मी ज्याला धमकी समजत होते, ती धमकी नव्हतीच. रडवणारी गोष्ट त्यांनी हसवायला वापरली होती, भावाला एकदा हसताना बघावं म्हणून. मी म्हटलं, "मले वाटलं तुमी घरी येऊन सांगाल. म्हणून जमादाराले मी हरकत हाये म्हटलं. रजा मी अडवली."

भासरे पूर्ण वळले. रीतभात सगळी बाजूला राहिली. सरळ माझ्या तोंडाकडे बघून, माझ्याशी, ते पहिल्यांदा बोलले.

"माया भावानं नाई म्हटलं नाई?"

"नाई. ते घरी नव्हते."

"कागदावर 'मी व माझे पती' असं होतं. मले वाचून दाखवलं."

"ते जमादारानं लिवलं. त्याईले ठाऊकच नाई. ते तर तुमची खोली पोतारून राहिले होते."

"म्हणजे त्यानं नाई म्हटलं नाई?"

"नाई म्हटलंच नाई त्याईनं."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग त्यांनी जाळीवर कपाळ टेकलं आणि रडले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. शिपायानं दुसरीकडे तोंड केलं. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागवावं इतकी मी त्यांच्या मनात नव्हतेच. धुरा, दगड, जमीन, रजा, यातलं काहीच त्यांना लागलं नव्हतं. दोन महिने ते एकाच गोष्टीनं आतून खंगत होते, की भावानं आपल्याला घरी नको म्हटलं. ते दुःख त्यांना मी दिलं होतं, आणि तेही स्वतःची अब्रू झाकायला.

बसमध्ये मी रडले नाही. घरी काय आणि कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते, आणि जुळत काहीच नव्हतं. घरी आले तेव्हा हे ओसरीवर बसून डाव्या हातानं दोरीला पीळ देत होते. मी समोर खाली बसले आणि धुऱ्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. जमीन दीड हात आमच्याकडे आली, हेही सांगितलं. वाटलं, आता हात उचलतील, किंवा माहेरी जा म्हणतील. मी त्याला तयार होते.

सगळं ऐकून यांनी एवढंच विचारलं, "दोन महिने तो मले दुश्मन समजून राहिला?"

मी हो म्हटलं.

त्या दिवशी यांनी मी वाढलेलं जेवण जेवलं नाही. सकाळी उठून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावली, आधार कार्ड खिशात ठेवलं. आधी ठाण्यात जाऊन नवा जबाब द्यायचा आणि मग भंडाऱ्याला भावाला भेटायचं, असं दिसत होतं. मीही साडी बदलून, चप्पल घालून दारात उभी राहिले. जबाब माझा होता, तो मागे घ्यायला मी लागणार, हे मला माहीत होतं.

"तू राय घरी," हे म्हणाले आणि एकटेच बसथांब्याकडे गेले.